बावीस मंगळवारांचं इतिवृत्त

मंडळाच्या इतिहासाची पुस्तिका निघणार आहे आणि चित्रकलेच्या बाई माझ्या मागे लागल्यात, की चिटणिसांबद्दल चार ओळी तुम्हीच लिहून द्या. चार ओळींत बसणारा माणूस असता तर केव्हाच दिल्या असत्या. शेहेचाळीस वर्षं मंडळाचं चिटणीसपण आणि एकावन्न वर्षं माझा संसार, दोन्ही एकाच माणसानं केलं आणि दोन्हीकडे सारखाच छळ मांडला. आता सगळं मार्गी लागलंय, जीव भांड्यात पडलाय, म्हणून हसत सांगतेय. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर दारातूनच वाटेला लावलं असतं.

आमच्या ह्यांचं काम काटे दुरुस्त करण्याचं. दुकानदारांचे वजनकाटे. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान, पुढे लाकडी बाक, मागे काचेचं कपाट आणि त्यात पितळी वजनं उंचीप्रमाणे लावलेली. वजनाच्या बुडाला एक खोबण असते, तिच्यात शिसं भरतात. वजन झिजून हलकं झालं की थोडं शिसं घालायचं, जड भरलं की खरवडायचं. हे काम ह्यांनी जन्मभर चिमट्यानं आणि श्वास रोखून केलं. पंखा बंद, दार लावलेलं. मी चहा घेऊन आले तरी हात वर करून उंबऱ्यावरच थांबवणार, का, तर मी आत आल्याच्या वाऱ्यानं तागडी हलते. एखादा दुकानदार हळूच म्हणायचा, "जरा आमच्या बाजूनं झुकू द्या की." त्याला काटा तसाच, न उघडता परत मिळायचा. उभ्या आयुष्यात ह्यांनी कुणाला काटा मारू दिला नाही.

घरातही तीच तऱ्हा. मी वैतागून म्हणावं, "शंभरदा सांगितलं, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नका." तर हे मान वर न करता म्हणणार, "शंभरदा नाही. मला चारदा आठवतं." अशा माणसाबरोबर भांडताही येत नाही धड.

मंडळ सुरू झालं ते आमच्या दुकानातल्या बाकावर. काटा व्हायला वेळ लागायचा आणि माणसं ताटकळत बसायची. कुणीतरी बुद्धिबळाचा पट आणला. शेजारचे सलूनवाले गिऱ्हाईक नसलं की येऊन गायला लागायचे, आवाज बरा होता, ताल नव्हता. चौकातले चष्मेवाले पुस्तकं आणून ठेवायचे, स्वतः वाचायचे नाहीत, पण आणायचे. मग मुलं यायला लागली आणि एक दिवस ह्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कारण एवढ्या श्वासांत तागडी स्थिर होईना. बाहेर काढलं खरं, आणि संध्याकाळी स्वतःच सगळ्यांकडे जाऊन म्हणाले, की आपल्याला एक जागा हवी.

जागा दिली गोदामवाल्यांनी. धान्याचं मोठं गोदाम, त्याच्यावर लाकडी फळ्यांच्या जमिनीचा लांबच लांब हॉल, रिकामाच पडलेला. गोदामवाल्यांचे काटे हेच दुरुस्त करायचे, त्यामुळे माणूस पारखलेला होता. पण त्याआधी त्यांनी तो हॉल कुणाला तरी व्यायामशाळेसाठी दिला होता आणि त्या माणसानं तिथं फुटक्या खुर्च्या भरून ठेवल्या होत्या. म्हणून ह्या वेळी त्यांनी एक कागद केला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी मंडळाची सभा व्हायची. मंगळवारच का, तर त्या दिवशी गोदामात गाड्या येत नाहीत, खाली ठोकाठोक नसते. सभेला किमान तीन सभासद हवेत. काय बोलणं झालं ते इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं. लागोपाठ तीन महिने सभा झाली नाही, तर हॉल गोदामाकडे परत. ह्यांना तो कागद फार आवडला. नेमकं काही लिहिलेलं असलं की ह्यांना झोप छान लागते.

दहा वर्षं मंडळ जोरात चाललं. टेबल टेनिस, गायनवर्ग, वाचनालय, शनिवारी मुलांची चित्रकला, वर्षातून दोन नाटकं. चष्मेवाले अध्यक्ष, हे चिटणीस, मी गायनवर्गाची प्रमुख. सभेला वीस-पंचवीस माणसं असायची आणि निम्मी भांडायची. हे कोपऱ्यात बसून लिहायचे. एक नियम ह्यांनी स्वतःच घालून घेतला होता: सभेत जे तोंडानं बोललं गेलं तेच लिहायचं. कुणी नंतर येऊन म्हणालं, "माझ्या मनात असं होतं, तेवढं घाला," तर हे म्हणायचे, "मनातलं वजन मला करता येत नाही." चष्मेवाले मात्र इतिवृत्त कधी न वाचताच सही करायचे. आयुष्यभर लोकांना वाचायचे चष्मे दिले, स्वतः दोन ओळी वाचायचा कंटाळा.

आणि मग घरोघर टीव्ही आले, आणि मंगळवारी संध्याकाळी ती मालिका सुरू झाली. एका डॉक्टराच्या घरातली. तीन सुना, एक हरवलेला भाऊ आणि एक बंद खोली. सगळी गल्ली वेडी झाली होती. रस्त्यात चिटपाखरू नसायचं. शनिवारची चित्रकला चालू होती, टेबल टेनिस चालू होतं, पण मंगळवारच्या सभेला कोण जाणार? सभेत काय, तोच चहा आणि तीच भांडणं. हे बाहेर पडताना विचारायचे, "येतेस ना?" आणि मी टीव्हीसमोर बसून म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या महिन्यात येते." मला त्या बंद खोलीत काय आहे ते बघायचं होतं. काही नव्हतं, जुने कपडे होते. पण ते कळायला दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांतली एक गोष्ट मला नीट आठवते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी हे घरी यायचे ते घसा बसलेला असायचा. शब्द फुटायचा नाही. मी कोमट पाण्यात मीठ घालून द्यायचे आणि म्हणायचे, "एवढं कशाला ओरडता तिथं? सोडा ते चिटणीसपण." हे गुळण्या करायचे आणि झोपायचे. मला वाटायचं, सभा अगदी रंगत असणार.

मालिका संपली, माणसं परतली, मंडळ पुन्हा भरलं. पुढची चौतीस वर्षं कशी गेली ते पुस्तिकेत येईलच. गोदामवाले गेले, त्यांचा मुलगा थकला आणि कारभार नातीकडे आला. दोन महिन्यांपूर्वी तिचं पत्र आलं.

पत्र चांगलं होतं. गोदाम गावाबाहेर हलवायचं आहे, खालची जागा दुसऱ्याला द्यायची आहे, पण वरचा हॉल मंडळाला कायमचा बक्षीसपत्रानं देऊन टाकावा अशी माझी इच्छा आहे, असं तिनं लिहिलं होतं. फक्त आजोबांच्या कागदातली अट पाळली गेली आहे ना, एवढं पाहायचं आहे. पहिल्या मंगळवारच्या सभेला मी स्वतः येईन, इतिवृत्ताच्या सगळ्या वह्या काढून ठेवाव्यात.

सलूनवाल्यांनी तर दुकानातच गायला सुरुवात केली. चित्रकलेच्या बाई रडल्या. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं." आणि बघते तर हे भिंतीला टेकून बसलेले, चेहरा पांढराफटक.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काटा परत आणला. चुकला होता. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या हातून चुकलेला काटा बाहेर गेला. दुकानदार बिचारा ओशाळून म्हणाला, "माझीच काही गफलत असेल." ह्यांनी काटा उचलला, परत ठेवला आणि मला म्हणाले, "दार लाव. मला तुला काहीतरी सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. मालिका सुरू झाली त्या पहिल्या महिन्यात सभेला कुणीच आलं नाही. हे दीड तास बसले आणि वहीत लिहिलं, सभासदांअभावी सभा झाली नाही. दुसऱ्या महिन्यात घरोघर जाऊन आले, सगळे म्हणाले पुढच्या वेळी नक्की, आणि कुणी आलं नाही. तेही लिहिलं. तिसऱ्या महिन्यात हे वर जाऊन बसले तेव्हा समोर शनिवारची मुलांची चित्रं वाळत टांगलेली होती. ती बघत बसले. साडेसहा झाले. मग उठले आणि सभा सुरू केली.

"म्हणजे काय केलंत?" मी विचारलं.

"सभा केली."

"कुणाबरोबर?"

"सगळ्यांबरोबर. मीच."

मला काही कळेना. मग कळलं. न बोललेलं लिहायचं नाही हा ह्यांचा नियम. खोटं लिहायला निघालेला माणूस, पण तो नियम मोडवेना. म्हणून ह्यांनी आधी सगळं मोठ्यांदा बोलून घेतलं. चष्मेवाल्यांच्या आवाजात सभा उघडली, सलूनवाल्यांच्या आवाजात हरकत घेतली, बाईंच्या आवाजात तक्रार केली. प्रत्येकाच्या खुर्चीत जाऊन बसले, तिथून बोलले, मग परत कोपऱ्यात येऊन लिहिलं. दोन तास. आणि हे बावीस मंगळवार.

घसा बसत होता तो ह्याच्यासाठी. मी मीठपाणी देत होते.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. खूप राग आला. आधी ह्यांचा आणि लगेच माझा, आणि माझा आलेला मला सोसवेना म्हणून मी तोही ह्यांच्यावरच काढला. "दर महिन्याला कशाला? लागोपाठ तीन चुकायला नकोत एवढंच होतं ना? तिसऱ्या महिन्याला एकदा केली असती तरी भागलं असतं."

हे म्हणाले, "पडद्याचा प्रश्न अर्धवट राहिला होता."

आता हा पडदा काय तो सांगते. नाटकाचा पडदा नवीन करायचा, तो लाल की निळा, ही चर्चा ह्यांनी त्या रिकाम्या हॉलमध्ये सुरू केली. सलूनवाल्यांना निळ्याच्या बाजूला उभं केलं, बाईंना लालच्या. मालिका संपून खरी माणसं परतली तेव्हा ह्यांनी नेहमीप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचलं: पडद्याचा रंग, निर्णय व्हायचा आहे. आणि काय सांगू, सलूनवाले खरोखर उठून निळ्यासाठी भांडायला लागले, बाई लालसाठी. कुणाला वाटलंच नाही की आपण हे आधी कधी बोललोच नव्हतो. सहा महिने भांडले. शेवटी मी कंटाळून घरात पडलेलं हिरवं कापड शिवून टांगलं. ते आजही आहे.

"वही उंदरांनी खाल्ली म्हणून सांगा," मी म्हटलं. बोलले आणि जीभ चावली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते त्या झुकतं माप मागणाऱ्या दुकानदारांकडे बघायचे. मग म्हणाले, "मी मंगळवारी सांगून टाकणार आहे. अट मोडलेली आहे. बक्षीस म्हणून जागा घ्यायची आणि काटा मारून घ्यायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"आणि हॉल गेला तर? ती पोरं कुठं जातील? बाई कुठं शिकवतील?"

हे चिमटा घेऊन त्या चुकलेल्या काट्यावर वाकले. माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. हॉल वाचवण्यासाठीच ह्या माणसानं आयुष्यात एकदा खोटं लिहिलं होतं, आणि आता ते खरं सांगून तोच हॉल घालवणार होता. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

मंगळवार आला. हॉल भरलेला. खिडक्या उघड्या, फळ्या पुसलेल्या, हिरवा पडदा झटकून ओढलेला. नात आली, चाळिशी ओलांडलेली, साधी, हातात एक पिशवी, बरोबर वकील नाही की कुणी नाही. पहिल्या रांगेत बसली आणि खालच्या फळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, जागेची किंमत करतेय. माझी पाचावर धारण बसलेली, दुसरं काय सुचणार.

चष्मेवाल्यांनी सभा उघडली. ते आता ऐंशीचे आहेत, पण वाक्य तेच: "माझा एक नम्र मुद्दा आहे, की आपण सुरुवात करावी." हे उठले. हातात ती वही, कडा पिवळ्या पडलेली.

"मागचं इतिवृत्त कायम करण्याआधी," हे म्हणाले, "मला ह्या जुन्या वहीबद्दल सांगायचं आहे. ह्यात बावीस सभा लिहिलेल्या आहेत. उदाहरणार्थ ही. सलूनवाले म्हणाले, निळा पडदा डोळ्याला थंड वाटतो."

"म्हणालोच होतो," सलूनवाले मागून बोलले. "आणि आजही म्हणतो."

"तुम्ही त्या दिवशी आला नव्हता."

"कसा नव्हतो? चांगलं आठवतंय मला. बाई म्हणाल्या होत्या, लाल उठून दिसतो, आणि मी म्हटलं होतं, तुमच्या वर्गात दिसू दे."

बाई म्हणाल्या, "हो, आणि मला तेव्हा फार लागलं होतं ते."

सगळे हसले. हे हसले नाहीत. वही तशीच धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ते वाक्य मी बोललो होतो. तुमचंही आणि बाईंचंही. त्या बावीस सभांना माझ्याशिवाय कुणी आलं नव्हतं. सगळं मी एकट्यानं बोललो आणि मग लिहिलं. कागदातली अट मोडलेली आहे. दोष मंडळाचा नाही, माझा एकट्याचा आहे." आणि खाली बसले.

चष्मेवाल्यांनी वही ओढून घेतली आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची सही कशावर आहे ते वाचायला लागले. सलूनवाले तोंड उघडं ठेवून बसले होते. बिचाऱ्यांनी त्या निळ्या पडद्यासाठी आयुष्यभर मान ताठ ठेवली होती. मी माझ्या हातांकडे बघत होते. मला कुणाच्याच तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, कारण त्या खुर्च्यांपैकी एक रिकामी खुर्ची माझीही होती.

तेवढ्यात नात उठली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

हे वर बघायला लागले.

"मी आठ वर्षांची होते. आजोबांचे गुडघे गेले होते, जिना चढवायचा नाही. मंगळवारी गाड्या नसायच्या, तर ते मला घेऊन खाली पोत्यांवर बसायचे. वरचं सगळं ऐकू यायचं, ह्या फळ्यांमधून. पहिल्या दिवशी मी विचारलं, आजोबा, आज एवढी माणसं आहेत, पण चालतंय एकच जण. ते म्हणाले, गप्प बस, ऐक." ती थांबली, आणि मग मान थोडी कलती करून हुबेहूब चष्मेवाल्यांच्या आवाजात म्हणाली, "माझा एक नम्र मुद्दा आहे."

तिनं तो आवाज चष्मेवाल्यांकडून उचलला नव्हता. ह्यांच्याकडून उचलला होता. चष्मेवाल्यांनी वहीतून डोकं वर काढलं.

"आमच्या घरीही टीव्ही होता," ती पुढे म्हणाली. "आजी मालिका बघायची. पण आम्हाला पडद्याचं काय होतं ते ऐकायचं असायचं. मी लालच्या बाजूची होते, आजोबा निळ्याच्या. पुढच्या सभेपर्यंत आम्ही दोघं भांडायचो. मग शाळेसाठी मला दूर पाठवलं आणि शेवट मला कळलाच नाही." तिनं मागे वळून बघितलं. "हिरवा कुणी केला?"

"मी," मी म्हटलं.

हॉलभर हसू फुटलं, पण आमचे हे अजून खुर्चीच्या कडेवरच बसलेले. आणि त्यांनी काय करावं? त्या मुलीनं एवढं सांगितल्यावर माणूस उठून हात जोडतो की नाही? हे उठले आणि म्हणाले, "तुमचे आजोबा आमच्या यादीतले पहिले सभासद होते, ते धरले तर दोन होतात. तुम्ही सभासद नव्हता. कागदात तीन म्हटलंय." मला वाटलं, इथंच ह्यांच्या डोक्यात वही घालावी.

नातीनं मात्र शांतपणे ऐकून घेतलं. "काका," ती म्हणाली, "अट आजोबांनी घातली होती. ती पाळली जातेय की नाही हे बघायचा अधिकारही त्यांचाच होता. त्यांनी बावीस वेळा खाली बसून बघितलं. मोडली असं वाटलं असतं तर तेविसाव्या दिवशी जिन्याला कुलूप लावलं असतं. उलट एकदा त्यांनी माणसाला सांगून ह्या जिन्यातला बल्ब बदलून घेतला, तुम्ही अंधारात उतरता म्हणून."

हे म्हणाले, "बल्ब बदलला होता. आठवतंय मला." आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

बक्षीसपत्राचा कागद तिच्या पिशवीतच होता, सही करून आणलेला. वह्या तिला तपासायच्या नव्हत्याच. पडद्याचा शेवट वाचायचा होता. चित्रकलेच्या बाईंनी ह्या खेपेला उघड रडून घेतलं आणि सलूनवाल्यांनी तिथल्या तिथं ठराव मांडला, की पडदा आता तरी निळा करावा. कुणी अनुमोदन दिलं नाही. मी पाणी प्यायले, एक भांडं, दुसरं भांडं. आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि मला एकदम कडकडून भूक लागली.

जुन्या इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, म्हणून ह्यांनी त्या दिवशीच्या इतिवृत्तात दुरुस्ती लिहिली आणि ती सर्वांसमोर वाचून कायम करून घेतली. जशीच्या तशी देते: "त्या बावीस सभांना प्रत्यक्ष हजर असलेले: वर एक, खाली दोन." चष्मेवाल्यांनी आधी वाचली आणि मग सही केली.

माणसं चहाला वळली तेव्हा मी नातीला जिन्याशी गाठलं. मला एक गोष्ट विचारायची होती आणि ह्यांना विचारायची नव्हती.

"त्या सभांमध्ये," मी म्हटलं, "मी काय बोलायचे ग?"

ती हसली. "तुम्ही फार बोलायच्या नाहीत काकू. तुम्ही शेवटी बोलायच्या. सगळे भांडत असले की मधेच तुमचा आवाज यायचा, 'बरं, झालं का सगळ्यांचं? चला आता, घरी जाऊ.' की सगळे गप्प. मग वरचा दिवा बंद व्हायचा आणि काका जिन्यातून खाली यायचे. आजोबा म्हणायचे, बघ, घरून बोलावणं आलं."

मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. बावीस मंगळवार हे एकटेच खाली उतरले होते. आणि दर वेळी मी बोलावलं म्हणून उतरले होते. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून बंद खोली उघडायची वाट बघत होते.

माणसं पांगली. हे नेहमीप्रमाणे मागे राहिले. खुर्च्या रांगेत लावल्या, खिडक्यांच्या कड्या घातल्या, वह्या कपाटात ठेवल्या. एक वही वाकडी ठेवली गेली ती काढून सरळ ठेवली. मी दाराशी उभी राहून बघत होते. एरवी मी म्हटलं असतं, शंभरदा सांगितलं, लवकर आटपा.

"बरं," मी म्हटलं, "झालं का सगळ्यांचं? चला आता, घरी जाऊ."

ह्यांचा हात दिव्याच्या बटणावर होता. तो तसाच थांबला. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग दिवा बंद केला.